जितके चढले तितके

सोमवार, ३ तारीख

ईश्वरकृपेने सुखरूप पोहोचलो. पैलतीरावरच्या धावपट्टीवरून विमान उडाले, मी डोळे मिटून स्तोत्र आरंभिले आणि ते निम्मेही झाले नाही तोच चाके ऐलतीरी टेकली. मधल्या पाण्यात खडक इतके की होडी घालण्याची कोणाची छाती नाही. म्हणून हा एवढासा हवाई मार्ग. जावईबापू इथले एकमेव वैमानिक. सासऱ्याला आणताना त्यांनी भाडे घेतले नाही, मात्र पट्टा मी उलटा बांधला म्हणून मनसोक्त हसून घेतले.

लेकीचे घर धावपट्टीला लागूनच आहे. तिचे दिवस भरत आले आहेत. चेहऱ्यावर तेज आहे. मी आल्याचे पाहून ती लहानपणीसारखी धावत आली, आणि जावईबापू तिच्यामागे ओरडत.

बुधवार, ५ तारीख

विमानतळ म्हणजे एक खोली, एक बाक आणि एक वजनकाटा. सामानासह माणसांनाही तोलणारी बाई सर्वांची काटेबाई. मला काट्यावर उभे करून म्हणाली, “आजोबा, वाचलेलं सगळं अंगाला लागलेलं दिसत नाही.” तिची एक रीत लक्षात आली. विमान सुटण्यापूर्वी ती दारावर खडूने माणसांचा आकडा लिहिते. पलीकडचा माणूस उतरणारे मोजतो, जुळल्यावरच पुसतो. विचारले, तर म्हणाली, जितके चढले तितकेच उतरायला हवेत. एक कमी नाही, एक जास्त नाही.

इथल्या बायका पाचव्या महिन्यातच पैलतीरी, दवाखान्याजवळ जाऊन राहतात. गर्भिणीने घर बदलू नये असे मीच शास्त्राधारे लेकीला पत्रातून बजावले होते. ती राहिली. काटेबाईने मला याबद्दल बोल लावला नाही.

शनिवार, ८ तारीख

संध्यावंदनास अंगणात उभा असता पाण्यावर, दोन्ही तीरांच्या बरोबर मध्ये, आकाशात एक चकाकता ठिपका दिसला. पक्षी म्हणावा तर हलत नव्हता. जावईबापूंना दाखविला. त्यांनी माझा खांदा धरून मला घराकडे वळविले आणि काचेची तिरीप असेल म्हणाले. कशाची काच, ते सांगितले नाही.

रविवार, ९ तारीख

ठिपका आजही तिथेच. या वस्तीत कोणीही मान वर करून चालत नाही, हे आज ध्यानी आले.

काटेबाईने अखेर सांगितले. तिच्या आईच्या काळी एक बाई अडली म्हणून तिला विमानात घातले. बाळ वाटेतच झाले. आकडा चुकला. ते विमान अजून उतरलेले नाही. मी म्हणालो, हा भ्रम आहे. ईश्वर नवजाताचा हिशेब मागत नाही. ती म्हणाली, “तुमचा देव मागत नसेल, आजोबा.”

मंगळवार, ११ तारीख

पहाटेपासून लेकीला कळा. रक्त थांबत नाही. काटेबाई विमानाच्या दारात आडवी उभी राहिली. विनवीत होती, जे व्हायचे ते जमिनीवर होऊ द्या. जावईबापूंचे पाय अडखळले. मीच म्हणालो, पैलतीर समोर दिसतो आहे, डॉक्टर तिथे आहे, नामस्मरण पुरे होण्याआधी पोहोचू. मीच तिला बाजूला सारले.

तिने खडूने तीन लिहिले. रडत लिहिले.

तीच तारीख

पाण्यावर आलो आणि बाळ झाले. मुलगी. लेक शुद्धीवर आहे. तिच्याजवळ घेतली तेव्हा हसली, म्हणाली, बाबा, नाक तुमचं आहे, बिचारी. रक्त थांबले. मी गहिवरून स्तोत्र म्हटले. पूर्ण झाले. पुन्हा म्हटले.

पैलतीर समोर आहे. तेवढाच समोर.

तीच तारीख

सूर्य ढळत नाही. इंधनाचा काटा स्थिर. जावईबापूंनी मागे वळण्याचा यत्न केला. वळलो, तरी समोर पुन्हा पैलतीरच. तहान मात्र लागते. लेकीला दूध उतरत नाही. बाळाचे रडणे बारीक होत चालले आहे.

तीच

उजवीकडे ते दुसरे विमान. आमच्या बरोबरीने, पंखाला पंख लावून. खिडक्यांत माणसे आहेत. जटा वाढलेली. एक पांढऱ्या केसांची बाई काचेवर चार बोटे दाखवते, मग एक बोट मिटते. पुन्हा चार. पुन्हा एक मिटते. त्यांच्यापैकी कोणी मिटायला तयार झाले नसावे.

मला कळले. जावईबापूंनाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

तीच

मीच जाणार. आयुष्य भोगून झाले. चूक माझी, शास्त्राचा गर्व माझा. दाराची कडी काढून द्या म्हणालो. जावईबापू हमसून रडले. नाही म्हणाले नाहीत. लेकीला सांगितलेले नाही. ती डोळे मिटून पडली आहे, बाळ छातीशी.

मन शांत व्हायला हवे होते. होत नाही. नाम ओठांवर येते, आत उतरत नाही. इतकी वर्षे कोणाला हाक मारत होतो—

एवढे लिहून उठतो.

चाकांचा आवाज. चाके खाली आली. धावपट्टी जवळ येते आहे, खरोखर येते आहे, पलीकडचा माणूस दिसतो, हात हलवतो—

कडी अजून लागलेली आहे. मी इथेच बसलो आहे. जावईबापू सुकाणूवर. मग आकडा तीन कसा झाला?

लेकीला हाक मारली. बाळाचे रडणे कधी थांबले, मला—

दोघींपैकी कोणीच हलत