चौथा पेला

आर्वी,
दि. २१ फेब्रुवारी १९८८

चि. नरहर,

तुला, पद्माला आणि माझ्या दीड महिन्याच्या नातीला पोटभर आशीर्वाद. नाशिकहून सुखरूप पोचले. वर्ध्याहून एसटीत बसायला जागाही मिळाली. पद्माला म्हणावं, इतक्यात गार पाण्यात हात घालू नको.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या वाइनच्या कारखान्यातल्या साहेबांनीही तिसरी बाटली नापास केली तर! तुझ्याकडे चव घेताना तिला ओल्या बारदान्याचा वास येतो असं मी म्हटलं, तेव्हा तू हसला होतास. बूचच खराब निघालं ना? अरे, डाळ कोणत्या विहिरीच्या पाण्यात शिजली, ते मी वरणावरून सांगते. माझ्या जिभेवर शंका घ्यायची नाही.

आणखी लिहून ठेव. पांढरी वाइन भरताबरोबर चांगली. वांग्याचा धुरकटपणा तिने झाकला नाही. लाल मात्र पाटवडीच्या रश्श्याबरोबर कोणाला देऊ नकोस, तिखट नुसतं भडकतं. त्याच रश्श्याला ती शेवटची, किंचित गोड, गुलाबी अगदी बरोबर बसली.

बसली, हे मला कसं कळलं ते सांगते. वाडगं पुढे करून तू म्हणालास, "आई, चव घे अन् थुंकून टाक." तीनदा थुंकले. चौथा पेला मी गिळला. तू विचारलंस तेव्हा थुंकले म्हणाले, ते खोटं होतं.

काही झालं नाही रे. घशात थोडी ऊब आली, मागून पेरूसारखा वास. मग तुझ्या बापूजींचा राग आला, पण वेगळाच. अठरा वर्षं प्यायले, एकदाही चव घेतली नाही. नाक दाबून ओतायचे आणि मग आपल्याला शोधत घरभर फिरायचे. तू पलंगाखाली लपायचास. ते पिणं आणि तुझं काम मी एकच समजत आले.

परवा आमच्या दारूबंदीवाल्या महिला मंडळाच्या सभेत उभी राहून मी हे सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं. धुरपता रडकुंडीला आली.

"बाई, तुमी पेल्या? माह्या घरात काय होऊन राह्यलं, तुमाले ठाऊक नाई काय?"

"ठाऊक आहे म्हणूनच लपवत नाही. तुझ्या नवऱ्याने पिऊन पुन्हा हात उचलला तर आधी मीच येईन."

"मंग काऊन पेल्या?"

"लेक काय काम करतो, ते मला एकदा पाहायचं होतं."

माझं अध्यक्षपद मंडळाने काढून यशोदाबाईंना दिलं. योग्यच केलं. काल बाया हातभट्टी बंद करायला निघाल्या तेव्हा मी सगळ्यांत मागे होते. धुरपता थांबली, माझा हात धरला आणि पुढे घेऊन गेली.

इथे दारूबंदी हवीच, हे माझं मत कायम आहे. तेव्हा येताना बाटली आणू नकोस. पण ये. पाच वर्षांपूर्वी, या नोकरीपायी, बापूजींच्या वर्षश्राद्धाला आलेल्या तुला मी दारातूनच परत पाठवलं. पद्माला आई नाही, म्हणून बाळंतपणाला आले; नाहीतर अजूनही आले नसते. तू मात्र स्टेशनवर माझी पिशवी घेतलीस आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मीही नाही काढला. आता काढते: चूक माझी होती.

पाडव्याला तिघं या. नातीला मीच ओवाळून आत घेईन.

तुला दारात अडवणारी, आणि आता त्याच दारात वाट पाहणारी,
तुझी आई