टप्पा पडलेला चेंडू

आप्पांस,

काल आमचं कॉलेज सॉफ्टबॉलची फायनल हरलं. शेवटचा झेल आमच्या पोरीनं घेतला, पंचांनी आउट दिलं, आम्ही नाचायला लागलो, तेवढ्यात तीच हात वर करून म्हणाली, "सर, टप्पा पडला होता."

प्राचार्य भडकले. "मॅडम, हे हिला कुणी शिकवलं?"

माझी कोचची नोकरी अजून कायम झालेली नाही. तरी ताठ मानेनं म्हणाले, "मी."

ते पूर्ण खरं नव्हतं. गिऱ्हाइकाला दिसलाही नसता अशा वाकड्या टाक्यासाठी तुम्ही अख्खी शिवण उसवायचात. तुमचं नाव सांगायला हवं होतं.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. रविवारी मशीनशेजारी बसून वाचून दाखवीन.

तुमची,
मास्तरीण