मी डोळे मिटले की

राजूर, रविवार

प्रिय आई,

येशूच्या नावानं तुले अन् बाबाले सलाम.

मी बरा आहो. खाणीतलं काम जमून राह्यलं. जेवण पोटभर आहे, चिंता करू नोको. तुहा खोकला कसा आहे? आपल्या कपाशीवर लाल्या रोग पडला म्हणे, खरं का?

इथं मन मात्र थाऱ्यावर नाही. तू शिकवली तशी मी डबा उघडून, डोळे मिटून प्रार्थना करतो. मी डोळे मिटले की सोबतचा किसनसिंग रोज उठून बाहेर जाये. मले वाटे, त्याले माहा धर्म खुपते. म्हणून मी त्याच्यासाठीही प्रार्थना करू लागलो. मनात जरा फुगलोही होतो.

परवा हे इथल्या तारिक मेकॅनिकले सांगितलं, तं तो माह्यावर चिडलाच. "अबे, तुह्या प्रार्थनेचं त्याले काय? वावरात कापूस झाला नाही, सारा पगार घरी धाडते तो. त्याचा डबा रिकामा राह्यते. तुले दिसू नये म्हणून तू डोळे मिटले की सटकते."

मी माहा डबा तसाच झाकून ठेवला, आई.

काल डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना केली, त्याचा हात धरून. तो बसला, माह्या डब्यातली अर्धी भाकर खाल्ली, पण माह्याकडे पाह्यलं नाही.

लहानपणी मी डोळे उघडले की तू टपली मारायची, म्हणायची अशी प्रार्थना वर पोचत नाही. मग मिटल्या डोळ्यांनी इतके दिवस केली, ते तरी पोचली असन का?

तुहा लेक,
शांतवन