उघाडी लावली नाही

पुणे, ४ मे २००६

ती. दादास,

फोन काय आपटतोस? पत्र आपट बघू! सा. न. आता घे.

मी कधी म्हटलं शेतात खाडी घुसवा? मार्चमध्ये कॅमेरा घेऊन काल्हेरला आले तेव्हा भात कधीच कापून झालं होतं, शेत कोरडं. आणि माझी फिल्म सांगते की अशी खोलगट शेतं पावसाचं पाणी पोटात घेतात, म्हणून शहर कमी बुडतं. भाऊंना एवढंच म्हटलं, पाणी दिसलं असतं तर मजा आली असती. आपला बाप हौशी! बांधातल्या उघाडीत खाडी अडवणारी फळी काढली आणि भरतीचं पाणी आत घेतलं. परवा महोत्सवात त्या शॉटला टाळ्याच टाळ्या. एका बाईंनी विचारलं, शहरांनी करायचं काय? मी ठासून सांगितलं, अशी शेतं बुजवू नका. आणि घरी तुम्ही मातीच्या भरणीचं बोलताय!

आईला सांग, वेळेवर जेवते. राग धर, पण माया पातळ करू नकोस.

उन्नती

काल्हेर, ९ मे

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

टाळ्या वाजल्या, बरं झालं. इथं शेतात पायाखाली मीठ वाजतंय. तू गेलीस, पण फळी कोणी लावलीच न्हाय. मी गोदामात ड्युटीवर, मला काय ठाऊक! मार्चपासून खाडी येत-जात राह्यलीय. आता भाऊ म्हणतात, खाऱ्यात भात न्हाय यायचा, भरणी करून गोदाम बांधायला देऊ. पार्टी मापं घेऊन गेली. तुझी सही पायजे, पोरींचा पण हक्क हाय.

भाऊंना विचारलं, फळी कशी राह्यली? म्हणाले, विसरलो. भरती आली की ताटावरून उठून फळी लावणारा माणूस, तो विसरला? आई म्हणते, पोरीच्या हौसेपायी झालं. शेजारचे चिंधूकाका नुसते गालात हसतात. मला तर कायच समजत न्हाय. भाडं सुरू झालं तर माझी रात्रपाळी सुटेल, हे पण खरं. एकवीसला कागद येतायत. ये, बाकरवडी आण, मग भांडू.

तुझा थोरला,
देवेश

पुणे, १३ मे

ती. दादास सा. न.

भाऊंनी माझं ऐकलं, की गोदामासाठी मला पुढे केलं? आणि मी तरी त्यांना शॉटसाठी पुढे केलंच ना? रात्रपाळीचं वाचून तुझ्यावर चिडू की रडू, तेही कळेना.

एकच कळतं. दोन पावसाळे गोडं पाणी अडवून सोडलं की मीठ धुऊन जातं. भाऊंनीच लहानपणी सांगितलंय. म्हणून सही नाही. फळी आजच लाव. शेत गोडं होईतो फिल्मही कुणाला दाखवणार नाही, त्यातलं पाणी खोटं आहे, पावसाचं नाही. कदाचित मीच चुकतेय. तुझी रात्रपाळी लांबवली म्हणून शिव्या दे, हक्क आहे तुझा.

एकवीसला येत नाही. भाऊ समोर बसून नुसतं ‘बाय माझी’ म्हणाले तरी मी सही करून टाकेन. म्हणून पत्ता देत नाही, फोनही बंद ठेवतेय. स्टँडवरून लिहितेय, गाडी लागली. कुठली, ते विचारू नकोस. आईला सांभाळ, मला मनातून काढू नका. कंडक्टर ओरडतोय, चढते.

उन्नती