अंगाईतला बदललेला शब्द

अप्पा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. हे मराठीत लिहितेय, कारण तुम्ही आईकडून तिची नाशिकची मराठी शिकलात आणि माझ्याशी शेवटपर्यंत तीच मोडकीतोडकी बोललात. तमिळ तुम्ही कामासाठी, सिनेमाची गाणी लिहायला राखून ठेवली होती. चेन्नईतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, संगीतकाराने दिलेली चाल गुणगुणताय, भाताच्या झाकणावर बोटांनी मात्रा मोजताय. सिनेमासाठी अंगाई हवी होती. नवरा कामासाठी परदेशी गेलेली बाई मुलाला झोपवते. तुम्ही लिहिलंत, नीज बाळा, दार उघडं आहे. दिग्दर्शक म्हणाला, दार लावलंय असं करा. तुम्ही आठवडाभर भांडलात. "बाप यायचाय अजून, दार लावून कसं चालेल?" शेवटी गाणं त्याच्याच शब्दाने रेकॉर्ड झालं. त्या दिवशी घरी आल्या आल्या, चपलाही न काढता तुम्ही मला विचारलंत, "तू सांग, कुठलं बरोबर?" मी नऊ वर्षांची. म्हणाले, "उघडं." तुम्ही आईला हाक मारलीत, "बघ, पोरीला कळतं!" पुढे कुणी शब्द बदलायला सांगितला की तुम्ही माझाच दाखला द्यायचात आणि उठून यायचात. हळूहळू बोलावणी थांबली. कवितांची दोन पुस्तकं काढलीत, ती फार कुणी वाचली नाहीत. ती अंगाई मात्र घरोघरी गेली. रेडिओवर लागली की तुम्ही रेडिओ बंद करायचात.

आता मी कतारमध्ये, अल वक्राला राहते. शेजारचा तमिळ इंजिनियर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, महिना महिना घरी नसतो. त्याची आई नातीला सांभाळायला आलीय. परवा दुपारी मी तिच्याकडे बसलेय, एसी घरघरतोय, ती नातीला थोपटत तुमची अंगाई म्हणतेय. दार लावलंय. न राहवून मी तमिळमध्ये म्हटलं, "मूळ शब्द वेगळा होता, अम्मा. दार उघडं आहे, असा." मला कसं माहीत, हे तिने विचारलं नाही. एकदा तसं म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "छे गं! दार सताड उघडं ठेवून लेकरू झोपेल का? भिईल ते." मग पुन्हा दार लावून गात राहिली. नात झोपली.

मी तुमची मुलगी, हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमची बाजू घ्यावी लागली असती. तुम्ही हे वाचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तेव्हा मलाही लावलेलंच दार आवडलं होतं, अप्पा. तुमचा चेहरा बघून मी उघडं म्हणाले.