कापायचं मी, घासायचं तू

प्रिय गुळगुळेबाई,

तुझ्यावर मी चांगली फुगून बसले होते, हे आधीच सांगून टाकते. तू लेकीकडे राहायला गेल्यापासून मी पत्रांवर पत्रं धाडतेय आणि तुझ्याकडून उत्तराची एक ओळ नाही. म्हटलं, बाईसाहेबांना लिफ्टची हवा लागली. इतक्या वरून आमच्यासारखी जमिनीवरची माणसं दिसत नसतील. मग मीही ठरवलं, आता तिचं उत्तर आल्याशिवाय पेन हातात धरायचं नाही. ते मोडून आज बसलेय. राग गेलाय, घाबरू नकोस.

आपली मागची खोली आहे तशीच आहे. खिडकीजवळ माझी विजेवरची करवत, तिच्या पलीकडे तुझं टेबल. त्यावर मी काहीही ठेवत नाही. एकदा भाजीची पिशवी ठेवली आणि लगेच उचलली, उगीच वाटलं तू येशील आणि करवादशील. सकाळी चहा घेऊन आत जाते, बटण दाबते, ते दोऱ्यासारखं बारीक पातं खालीवर नाचायला लागतं, आणि मग दुपारपर्यंत घरात तेवढाच आवाज. तू त्या आवाजाला कंटाळून कानात कापूस घालायचीस, आणि मग मी काय म्हणते ते ऐकू येत नाही म्हणून माझ्यावरच ओरडायचीस. परवा करवत बंद केल्यावरही मी बोलतच होते. पोस्टमन दारात थांबला होता, त्याला वाटलं पाहुणे आलेत. मी हो म्हणून सांगितलं.

यंदा लाकूड मात्र फर्मास मिळालंय. फर्निचरच्या कारखान्यातला म्हातारा सुतार अजून आपल्यासाठी तुकडे बाजूला काढतो. या खेपेला अक्रोडाचे आहेत, चांगले टणक. जरा रेंगाळलं की कड जळून काळी पडते, घाई केली की पातं तुटतं. मी वर चिकटपट्टी लावून कापते, म्हणजे कड जळत नाही. ती युक्ती तुझी. माझ्या जळक्या कडा घासून घासून तुझे हात भरून आले, तेव्हा चिडून शोधलेली.

सुरुवात आठवते का गं तुला? यांच्या मागे ही करवत मी भंगारात देणार होते. तू शेजारून आलीस आणि म्हणालीस, एवढं यंत्र घरात आहे, तर वर्षअखेरच्या सुट्ट्यांत लोक खिडकीत टांगतात तसलं काहीतरी कापून बघ, नाहीतरी दिवसभर भिंतींकडेच बघत बसतेस. मी चांदणी कापायला घेतली, आणि आतली नक्षी राहू दिली बाजूला, आधी बाहेरची कडच कापून मोकळी झाले! मग आतली भोकं कापताना बोटांनी धरायला जागाच उरली नाही. चांदणी उडाली, एक टोक तुटून पार कपाटाखाली गेलं. मी ती फेकायला निघाले, तर तू माझ्या हातातून ओढून घेतलीस आणि पॉलिशपेपर घेऊन घासत बसलीस. तुटली तर तुटली, बोचायला नको, असं म्हणाली होतीस. त्या दिवशी मी यांच्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. हे तुला कधी बोलले नव्हते.

तेव्हापासून कापायचं मी आणि घासायचं तू. भेटवस्तूंच्या दुकानवाल्यानं आपल्याला नावंही ठेवली. तुझ्या हातून गेलेला माल लोण्यासारखा, म्हणून तू गुळगुळेबाई. माझी करवत दिवसभर कुरकुरते, म्हणून मी किरकिरेबाई. त्याचं म्हणणं, करवत नसती तरी हेच नाव ठेवलं असतं.

यंदा त्यानं माल परत पाठवला. एका गिऱ्हाइकाच्या बोटात लाकडी हरणाच्या शिंगाचं कुसळ गेलं म्हणे. मी घासलं होतं गं, पण तुझ्यासारखं मला कुठलं जमायला. मला धीर नाही. मग घासायचं यंत्र आणलं, तर त्यानं पक्ष्यांच्या चोचीच खाऊन टाकल्या. टोपलीभर बटाटे झालेत, पंख असलेले. दुकानवाला म्हणाला, हाताखाली कुणीतरी ठेवा. एक बाई येऊन खोली बघूनही गेली. चांगली होती बिचारी. पण ती तुझं स्टूल ओढून बसायला लागली तशी मी म्हणाले, काम संपलंय.

आणि मग गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला. माझी सगळी पत्रं तिनं तुला वाचून दाखवलीत. तू नीट ऐकून घेतलंस आणि प्रत्येक वेळी विचारलंस, या बाई कोण. आता स्वतःची लेकही तुला कधी ओळखीची वाटते, कधी नाही. ती बिचारी रडत होती, मी तिला धीर दिला. फोन ठेवला आणि मग तुझ्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. तुझ्यावर फुगून बसले होते, त्याची फार लाज वाटली.

पण बोलता बोलता ती आणखी एक सांगून गेली. तू दिवसभर जेवणाच्या टेबलाची कड अंगठ्यानं घासत बसतेस म्हणे, कागदाचा कपटा दिसला की त्याची घडी घालतेस आणि त्यानं घासतेस. हात धरला की रागावतेस. तिला वाटतं हे दुखण्यातलंच. असेलही. मला मात्र तिथंच तुझी ओळख पटली.

म्हणून हे पत्र, आणि सोबतचं खोकं. त्यात हरणं आहेत, चांदण्या आहेत, चोची शाबूत असलेले पक्षी आहेत. सगळं आत्ताच कापलेलं, खरखरीत. पॉलिशपेपरही घातलाय, तुला लागतो तोच. याला आवाज होत नाही, शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही. लेकीला म्हणावं, आईचा हात धरू नकोस, हातात एक पक्षी दे. दुकानवाला थांबेल, नाही थांबला तर उडत गेला. एकही तुकडा परत नाही आला तरी मी पुढचं खोकं पाठवणार आहे. आणि या बाई कोण, असं पुन्हा विचारलंस तर तुझी लेक सांगेल, कापणारी. तेवढं पुरे मला.

तुझीच,
किरकिरेबाई