पाचव्या शनिवारचा रिपोर्ट

नाना, तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण कागद कधी पुढे ओढला नव्हता. गेल्या सोमवारी माझ्या जळगावच्या लॅबमध्ये एक बाई आली, सातवा महिना लागलेली, आणि तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. शिरपूरच्या पलीकडच्या खेड्यातली ती मुलगी आठवते? पायांवर जांभळे ठिपके उठलेली? तीच ती. आता सासर वरणगावला आहे. मी तिला ओळखलं नाही, तिनेही मला नाही. कागदावर माहेरचं गाव आणि जुना आजार लिहिताना माझा हात थांबला.

तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तुमच्या हाताखाली धुळ्याच्या लॅबमध्ये माझं दुसरं वर्ष चाललं होतं. गुडघे सुजले म्हणून बाप तिला कडेवर घेऊन आला. मी ठिपके बघून शहाणपणा केला, म्हणाले प्लेटलेट कमी असणार. तुम्ही फक्त 'मोज' म्हणालात. प्लेटलेट चांगल्या भरल्या, अंगातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी मात्र वाढलेले. मग तुम्ही मला स्टुलावर बसवून समजावलंत, की ही बारीक रक्तवाहिन्यांची सूज आहे. ठिपके जातील, गुडघे उतरतील, ईएसआर खाली येईल आणि घरचे पेढे वाटतील. मूत्रपिंड बिघडलं तर ते त्यानंतर, काही न दुखता. ते कळतं फक्त लघवीत, चार तांबड्या पेशींवरून आणि टेस्ट ट्यूब तापवल्यावर वर जमणाऱ्या अल्ब्युमिनच्या पांढुरक्या ढगावरून. 'रगत लवकर गप बसस, लघवीवर ध्यान ठेव,' असं तुम्ही म्हणालात. शिकवताना तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात आणि मुद्द्यावर आलात की घरच्या बोलीत उतरायचात.

लहान मुलाची लघवी दोघांनी बघायची, हा तुमचाच नियम. आधी मी, मग तुम्ही, मग सही. घरून आणलेली बाटली तुम्ही घेतच नव्हतात, वाटेत पेशी विरून जातात म्हणून. डॉक्टरांनी त्या मुलीची लघवी दर शनिवारी तपासायला सांगितली होती, आणि बापाने पहिल्या शनिवारी एसटीतून बाटलीच आणली होती, तेव्हा तुम्ही त्याला हात जोडून म्हणालात, 'भाऊ, बाटली नको आनू, पोरले लई ये,' पोरीलाच घेऊन ये. मलाही एकदा चांगलंच फैलावर घेतलं होतंत. एका बाळाची लघवी मी दोन तास उन्हाच्या खिडकीत ठेवली होती. तुम्ही ती मोरीत ओतलीत आणि बाळाच्या आईची माफी मागायला मलाच पाठवलंत. मी रडले, तर दुपारी डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, ठेचा खा, म्हणजे रडायला कारण मिळेल.

चार शनिवार लघवी स्वच्छ होती. पाचव्या शनिवारी ईएसआरही उतरला होता. मुलगी लॅबच्या पायऱ्यांवर लंगडी खेळत होती आणि बाप मला सांगत होता, 'ताई, बठ्ठा डाग गयात. पोर आते मस्त शे.' तुम्ही दवाखान्यात रक्त घ्यायला गेला होतात. मला दुपारी बघायला पाहुणे येणार होते आणि आईने अकराला घरी ये म्हणून बजावलं होतं. ट्यूब माझ्यासमोर स्टँडमध्ये होती. मी ती मशिनमध्ये फिरवली नाही, तापवली नाही, थेंबही काचेवर घेतला नाही. रजिस्टरमधल्या मागच्या शनिवारच्या ओळी उतरवून काढल्या. अल्ब्युमिन नाही, तांबड्या पेशी नाहीत. मग ट्यूब धुऊन टाकली. तुम्ही आलात, 'देखी लिधं का?' असं विचारलंत. मी घाईत हो म्हणाले, आणि माझी गडबड बघून तुम्ही हसून न बघता सही केलीत. तो नियम तुम्ही माझ्यासाठी मोडलात. त्या एकाच दिवशी मोडलात.

रिपोर्ट सलग पाच वेळा चांगला आला म्हणून डॉक्टरांनी पुढचा एकदम महिन्याने सांगितला. महिना पुरा व्हायच्या आत ती मुलगी तोंड सुजून आली. लघवी काळ्या चहाच्या रंगाची. तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावलात तो बराच वेळ काढलाच नाहीत. मग रजिस्टर उघडून तुमची सही बघत बसलात. तुम्ही मला काही विचारलंही नव्हतं, नाना. पण चोराच्या मनात चांदणं. मीच पुढे होऊन म्हणाले, 'मी स्लाइड लावून ठेवली होती, तुम्ही बघितलीत ना त्या दिवशी.' तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या तोंडावर संशय नव्हता, तुम्ही आठवायचा प्रयत्न करत होतात. 'मी देखी व्हती?' मी हो म्हणाले. 'मंग चूक मन्हीच शे,' तुम्ही म्हणालात, आणि तसंच जाऊन डॉक्टरांना सांगितलंत.

नंतर तुम्ही डोळे तपासून आलात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं. तेव्हा तरी मी तोंड उघडायचं होतं. तुम्ही म्हणालात, मग डोकं चालत नसेल, आणि मायक्रोस्कोपसमोरची तुमची खुर्ची मला दिलीत. तुम्ही काउंटरवर नावं लिहायला बसलात. लोक समजायचे म्हाताऱ्याने मुलीला शिकवून तयार केलं, आणि माझं कौतुक करायचे. मी त्या खुर्चीत बसून आठ वर्षं लोकांना रिपोर्ट दिले. लाज वाटत होती, पण खुर्ची सोडावी इतकी नाही.

सोमवारी तिची लघवी मी स्वतः बघितली, तीनदा. अल्ब्युमिन बरंच आहे, थोड्या पेशीही आहेत. मूत्रपिंड लहानपणीच्या मारातून अजून सावरलेलं नाही, आणि आता पोटातल्या बाळामुळे डॉक्टर काळजीत आहेत. तो एक महिना हातात असता तर काय झालं असतं, हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही, आणि या वाक्यामागे मी इतकी वर्षं लपले आहे. हे सगळं लिहून तुमच्या मुलीला एरंडोलला पाठवावं असं ठरवून बसले होते. आपला बाप शेवटपर्यंत स्वतःला बोल लावत गेला, हे तिला माहीत आहे. पाठवणार नाही. ती मला अजून ताई म्हणते, दिवाळीला फोन करते, आणि ते मला हवं आहे.

एक गोष्ट राहिली, ती तुम्हालाच सांगते. रिपोर्ट घेताना ती बाई सहज म्हणाली, 'आमना बाबा आजून सांगतस, धुळाना लॅबना त्या म्हाताराले दिसे नही, म्हनीसन उशीर व्हयना.' माझ्यासमोर दुसरं कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. मी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, हो, वय झालं होतं त्यांचं.